न पिटलेली दवंडी

बदन बाद्यकराकडे दोन वाद्यं होती. एक देवाचं, एक कोर्टाचं. देवाचा तो ढाक, आमच्या बंगालातला पूजेचा मोठा ढोल. त्याच्या पाठीवर पांढऱ्या पिसांचा तुरा, आणि दुर्गापूजेचे दिवस सोडले तर वर्षभर आढ्याला टांगलेला. कोर्टाचा तो साधा ढोल, एका बाजूचं कातडं सैल, वादीला चार गाठी. हा मात्र बारा महिने कामात असायचा. "देवी येते तीही बदनच्या हातून आणि घर जातं तेही बदनच्याच हातून," असं आमच्या पलाशबुनीत लोक म्हणत. बदन त्यावर रागावत नसे. "ढोल कोर्टाचा, हात पोटाचे," एवढंच म्हणायचा आणि विडी पेटवायचा.

पलाशबुनीला मुन्सफाचं कोर्ट बसलं तेव्हा तो विशीचा होता. आता पन्नाशी उलटली होती. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आमच्या भागात ज्यांच्याकडे दोन बिघे जमीन होती त्यांतला एकही शहाणा नव्हता. भाऊ भावावर, दीर भावजयीवर, एका तळ्याच्या पाच वाटेकऱ्यांतले चार पाचव्यावर. निकाल लागला की जिंकणाऱ्याला जमिनीचा ताबा द्यायला कोर्टाचा प्यादा कागद घेऊन निघायचा आणि त्याच्यामागे ढोल गळ्यात अडकवून बदन. जागेवर पोचलं की बदन ढोल पिटायचा, "ऐका हो ऐका, आजपासून ही जागा अमक्याची" असं ओरडायचा, आणि जमिनीत एक बांबू रोवायचा. झाला ताबा! घरातलं माणूस घरातच असे, चुलीवर भात शिजत असे, शेळी त्या बांबूला अंग घासत असे, पण कायद्यानं घराचा मालक बदललेला असे. आणि मुख्य म्हणजे, ढोल वाजल्यावर "मला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय कुणाला उरत नसे. ढोलाचं खरं काम ते.

या कामाचा बदनला अभिमान होता. त्याच्याइतकी या मुलखातली जमीन कुणाला ठाऊक नव्हती. कुठल्या तळ्यावर किती वेळा बांबू रोवला, कुठल्या बांधाशी पोचल्यावर बायका दगड मारतात आणि कुठे नुसत्याच रडतात, हे तो घडाघडा सांगे. दगड परवडले, म्हणे, रडणं कानात राहतं.

त्याच्यात खोट एकच होती. त्याचा अंगठा फार स्वस्त होता.

कोर्टाचा प्यादा होता अक्रूर हाजरा. छत्री, पान आणि पोटदुखी या तीन गोष्टी त्याला कधी सोडून गेल्या नाहीत. ज्येष्ठ संपला, चिखल सुरू झाला की अक्रूरच्या पोटात हटकून दुखायचं. मग तो सोमवारच्या हाटात मिठाईवाल्याच्या बाकावर बसायचा, पिशवीतून कोरे अहवाल काढायचा आणि बदनला हाक मारायचा. "ये रे, टेकव अंगठा. तीन गावं आहेत. तिन्ही झाली असं समज."

"पण ढोल, हाजरादा?"

"ढोल काय पळून चाललाय? आणि पाच कोस चिखल तुडवून तू वाजवलास तर कोण तुला ओवाळणार आहे? टेकव."

बदन टेकवायचा. मजुरी मिळायची, वर एक जिलबी मिळायची. आणि त्याला खरोखर वाटायचं की न वाजलेला ढोल कुणाचं काय बिघडवणार? उलट ज्याच्या दारात तो वाजायचा असतो, त्या बिचाऱ्याचा तेवढा दिवस तरी सुखाचा जातो. भोळेपणाला औषध नाही. बदनचा भोळेपणा तर असा, की तो त्याला पुण्यात जमा धरी.

त्या साली मात्र ते पुण्य अंगाशी आलं.

कांकरडांगा गावात क्षांतमणी नंदी नावाची साठीची विधवा राहायची. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या मागे एक मातीचं दुपाखी घर, एक तळं आणि दारात सात फणस, एवढा संसार. जीभ अशी, की गावचा चौकीदारही तिच्या दारावरून जाताना खोकणं आवरायचा. तिचा पुतण्या भवतारण पलाशबुनीत कोर्टाच्या मागच्याच गल्लीत राहत होता, आणि कोर्टाच्या शेजारी राहणाऱ्याला जी खाज सुटते ती त्यालाही सुटली. काकांनी मरताना घर आणि तळं आपल्याला बक्षीस दिलं, असा त्यानं दावा लावला. समन्स अक्रूरच्या पिशवीत. ते कांकरडांग्याला पोचलंच नाही, पण "दारावर चिकटवलं" असा अहवाल मात्र पोचला. क्षांतमणी हजर नाही म्हणून एकतर्फी निकाल, निकालावरून ताबा, ताब्याच्या कागदावर अक्रूरची सही आणि बदनचा अंगठा.

म्हातारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. श्रावण संपता संपता भवतारण कोळी घेऊन तळ्यात जाळं टाकायला आला तेव्हा ती फणस चिरायची विळी हातात घेऊन घाटावर उभी राहिली. कोळी पळाले. भवतारण लांबून ओरडला, "काकी, घर माझं झालंय. ढोल वाजून दोन महिने होत आले. कान तपासून घे!"

दुसऱ्याच दिवशी ती बैलगाडी जोडून शशीबाबू वकिलांकडे गेली. शशीबाबूंनी कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मा, निकाल फिरवून मागता येतो. पण निकाल कळल्यापासून तीस दिवसांच्या आत. ढोल वाजला असेल तर त्या दिवशी तुम्हाला कळलं, असं धरणार. तीस दिवस कधीच उलटले."

"आणि वाजलाच नसेल तर?"

"तर काल कळलं. तर सगळं तुमचंच आहे. पण ते सांगणार कोण? प्यादा सांगणार नाही. राहिला ढोलवाला."

म्हणजे घर, तळं आणि सात फणस एका बदनच्या जिभेवर येऊन बसले.

म्हातारी वकिलाकडून निघाली ती थेट बाद्यकरांच्या पाड्यावर आली. आत पाऊल टाकलं नाही. जातीनं ती वर, बदन खाली. वेशीवरच्या बाभळीखाली उभी राहून तिनं हाक मारली. "अरे बदन!"

बदन धावत आला, चार हात लांब थांबून वाकला. "मा-ठाकरुण, तुम्ही इकडं?"

"तुझ्या लग्नाचा मुहूर्त काढायला आलेली नाही. सांग, माझ्या दारात ढोल कधी पिटलास?"

बदननं मान खाजवली. "मा, तीस वर्षं वाजवतोय. कुठं, कधी, सगळं थोडंच ध्यानात राहतं?"

"पलाशबुनीतला कुठला बांध कुणी घालवला ते पाठ आहे तुला, आणि माझं घर तेवढं ध्यानात नाही? दारात फणस किती आहेत सांग बरं."

"असतील की पाच-सहा."

"सात आहेत, मेल्या! आला असतास तर मोजून गेला असतास. तुझी नजर मला ठाऊक नाही काय?"

बदन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हातारीचा आवाज उतरला. "मला दुसरीकडे कुठं जागा नाही रे, बदन. माहेरी कुणी उरलं नाही. हे गेलं तर मी काशीला भीक मागायला जाणार, दुसरं काय?" आणि उत्तराची वाट न बघता ती गाडीत जाऊन बसली.

ती गेली आणि संध्याकाळी अक्रूर आला. छत्री दाराला टेकवली, पान तोंडात सारलं. "म्हातारीच्या वकिलानं अर्ज टाकलाय. पुढच्या बुधवारी साक्ष आहे. बावीस जूनला ढोल वाजवलास, बांबू रोवलास. हो हुजूर म्हणायचं आणि उतरायचं. बाकी एक अक्षर नाही."

"हाजरादा, पण आपण गेलोच नव्हतो."

"अंगठा कुणाचा आहे कागदावर? माझा? कोर्टाला खोटा अहवाल दिला म्हणून आधी कोण आत जाईल? मी सांगेन, ढोलवाल्यानं येऊन सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. मी मुन्सफबाबूंच्या पाया पडून सुटेन. तू कुणाच्या पडशील?"

बदनची पाचावर धारण बसली. तुरुंग त्यानं बाहेरून पाहिला होता, तेवढा पुरे होता. अक्रूर गेल्यावर त्याच्या बायकोनं, मातंगीनं, भाताचं ताट त्याच्यापुढे आदळलं. ती सगळं ऐकत होती.

"तुमचा अंगठा तुमचा की त्या हाजराचा?"

"गप बस. तुला कोर्टातलं काय कळतं?"

"मला अंगठ्यातलं कळतं. म्हातारीचं घर बुडवणार तुम्ही?"

"आणि मी आत गेलो तर तू काय खाशील? ढाक कुणी वाजवायचा पूजेला?"

मातंगी चुलीकडे वळली. ताटातला भात बदननं चिवडून ठेवला. आठवडाभर तो असाच जेवला. तो दुष्ट नव्हता, हे मी शपथेवर सांगीन. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून जेवढं वाईट घडतं तेवढं दुष्टाच्या हातून घडत नाही.

बुधवारी कोर्ट गच्च भरलं होतं. पुढे भवतारण, धोतराची निरी हातात धरून, वरबापासारखा. मागच्या भिंतीशी विधवेच्या बिनकाठी पांढऱ्या लुगड्यात क्षांतमणी, आणि तिच्याबरोबर गावातल्या आणखी चार विधवा. मुन्सफबाबू तरुण होते, हुशार होते आणि सर्दीनं हैराण होते.

आधी अक्रूर पिंजऱ्यात उभा राहिला. वीस वर्षांचा सराव. बावीस जूनला दुपारी जागेवर गेलो, ढोल पिटवला, मोठ्यानं पुकारलं, अंगणात ईशान्येला बांबू रोवला, बाई दारात उभी होती, तिनं सगळं पाहिलं. ईशान्य ऐकून मुन्सफबाबूंनी मान डोलावली. खोट्याला असा एखादा तपशील लागतो.

मग बदन. त्यानं कठडा घट्ट धरला. भवतारणच्या वकिलानं कागद पुढे केला. "हा तुझा अंगठा?"

"हो हुजूर."

"बावीस जूनला वादीला ताबा देताना तू ढोल पिटलास आणि बांबू रोवलास?"

बदननं मागच्या भिंतीकडे पाहिलं नाही. "हो हुजूर."

वकील बसले. भवतारण हसला. बदनला वाटलं, झालं, सुटलो. पण सुटल्यासारखं काही वाटेना.

शशीबाबू उलटतपासणीला उठले ते जड पायांनी. त्यांच्याजवळ विचारण्यासारखं काही नव्हतं. वेळ काढायचा म्हणून त्यांनी विचारलं, "तारीख नक्की आठवते तुला? बावीस जून?"

"बाबू, इंग्रजी तारखा मला कुठल्या कळायला? मी आपला बांगला महिन्यांचा माणूस."

"मग बांगला तारीख सांग."

बदन बोटं मोजायला लागला. ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. मुन्सफबाबू वैतागले, रुमाल नाकाला लावून म्हणाले, "शिरस्तेदार, पंचांग पाहा आणि सांगून टाका याला. दिवसभर हेच करायचं का?"

शिरस्तेदारांनी कपाटातून पंचांग काढलं, चष्मा वर केला, बोट फिरवलं. "बावीस जून म्हणजे आठ आषाढ."

"ऐकलंस? आठ आषाढला तू बांबू रोवलास?"

आणि इथं बदनच्या तोंडून "हो हुजूर" निघालंच नाही. त्यानं दोन्ही कानांना हात लावले, जीभ चावली, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडला की मुन्सफबाबूंचा रुमाल खाली पडला. "राम राम राम! आठ आषाढ? अहो अंबुबाची ती! धरणीमाय विटाळशी असते, बाबू! तीन दिवस कुणी नांगर घालत नाही, खुरपं लावत नाही, देवळाची दारं बंद, आणि मी तिच्या अंगात बांबू खुपसला? कोण म्हणतो? माझ्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही! ढोलालासुद्धा हात लावत नाही आम्ही त्या दिवसांत!"

कोर्टात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एखादी विधवा आई, आत्या, बहीण होती, आणि ते तीन दिवस ती चूल न पेटवता फळांवर काढत होती. शशीबाबूंच्या घरी होती. भवतारणच्या वकिलाच्या घरी होती. पण कचेरीतले हे सगळे शहाणे वर्षानुवर्षं जून-जुलैत जगत होते आणि घरी गेल्यावर आषाढ-श्रावणात. दोन्हींची गाठ घालून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अक्रूरनं तर कोरा अहवाल भरताना कागद परत करायच्या मुदतीवरून उलटे दिवस मोजले होते आणि जी तारीख आली ती ठोकून दिली होती.

"आत्ताच तू हो म्हणालास," मुन्सफबाबू म्हणाले.

"म्हणालो, हुजूर. जून म्हणाले म्हणून म्हणालो. जोडे मारा. पण आषाढातलं ते पाप माझ्या नावावर लिहू नका. आम्ही कांकरडांग्याला गेलोच नाही. हाटात अंगठा टेकवला, मिठाईवाल्याच्या बाकावर. कोऱ्या कागदावर."

मुन्सफबाबू अक्रूरकडे वळले. "हाजरा?"

"हुजूर, लिहिण्यात चूक झाली असेल. तेवीस असेल."

"तेवीसलाही अंबुबाचीच आहे," शिरस्तेदार पंचांगातून मान वर न काढता म्हणाले.

"मग चोवीस..."

लोक हसायला लागले. मागून क्षांतमणी उठली. बोलायची परवानगी तिनं मागितली नाही आणि कुणी तिला थांबवलंही नाही. "मला तरी कुणी आषाढ सांगितला का? सगळे आपले जून, जून! त्या तीन दिवसांत आम्ही पाचजणी माझ्याच ओसरीवर खाटेवर बसून होतो. मातीवर पाय नाही टेकवला. समोर अंगण. ढोलवाला राहू दे, उंदीर आला असता तरी पाचजणींना दिसला असता." आणि मागच्या चौघींनी एकदम माना हलवल्या.

हुकूम त्याच दिवशी झाला. समन्स लागलं नाही, ढोल वाजला नाही, बाईचा अर्ज मुदतीत आहे, एकतर्फी निकाल रद्द. दावा पुन्हा चालला तेव्हा भवतारणला काकांचं बक्षीसपत्र काही सापडलं नाही, ते अजूनही तो शोधतो आहे. अक्रूरची पिशवी तिथल्या तिथे काढून घेतली. त्याच्या पोटात त्या दिवशी खरंच दुखलं असेल.

उरला बदन. तो कठडा धरून तसाच उभा होता. मुन्सफबाबूंनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. "खोट्या साक्षीला काय शिक्षा असते, माहीत आहे?"

"हो हुजूर."

"पिंजऱ्यातून उतरायच्या आधी खरं बोललास, म्हणून सोडतो. यापुढे ढोल आधी आणि अंगठा नंतर. जा."

बदनचा जीव भांड्यात पडला. तो पिंजऱ्यातून उतरला की पडला हे त्यालाच कळलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसला, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याला भूक लागली. अशी कडकडून, की समोरच्या मुरमुरेवालीची टोपलीच उचलावीशी वाटली.

क्षांतमणी शशीबाबूंबरोबर बाहेर आली. गाडीकडे जाता जाता ती त्याच्यापाशी थांबली. "बदन."

तो उठून उभा राहिला.

"एक विचारते, खरं सांगायचं. त्या मेल्यानं आठच्या जागी बारा आषाढ लिहिलं असतं तर?"

शशीबाबू खोकले. "मा, जाऊ द्या आता. झालं ना चांगलं?"

"तुम्ही थांबा. मी याला विचारते आहे."

आता खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. निकाल लागला होता, कोर्ट उठलं होतं, आणि म्हातारीला बरं वाटेल असं उत्तर बदनच्या जिभेवर तयारही होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तर मा-ठाकरुण, मी हो हुजूर म्हणून उतरलो असतो. तुमचं घर गेलं असतं."

"म्हणजे माझं घर पंचांगानं वाचवलं. तू नव्हे."

"नाही मा. मी नव्हे."

म्हातारीनं पदर डोक्यावर पुढे ओढला. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर जन्मभर तुझे उपकार फेडत बसले असते, आणि ते माझ्या स्वभावाला झेपलं नसतं."

बदन हसला नाही, पण हसू यायच्या बेतात होतं. म्हातारी गाडीत चढली, चारही जणींना सरकवून बसवलं, आणि बैल हलायच्या आत मागे वळून खेकसली, "आता उभा काय राहिलास खांबासारखा? तुझा पाडा वाटेवरच आहे. बस मागं."

"मी, मा? गाडीत?"

"नाहीतर काय बैलांच्या जागी जुंपू? बस म्हटलं ना."

आतल्या चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. क्षांतमणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा रस्ता बघायला लागल्या. बदन गाडीच्या मागच्या फळीवर, अगदी कडेला, पाय खाली सोडून बसला. तीस वर्षं तो कोर्टाच्या कामावरून चालतच घरी गेला होता. पाड्याच्या वळणावर मातंगी वाट पाहत उभी होती. नंदींच्या गाडीतून नवरा उतरताना पाहून तिनं एकदम रडायला सुरुवात केली.

"अगं, रडतेस काय?" बदन म्हणाला. "भात टाक. आज पोटभर जेवणार आहे."